तुझ्या प्रमेयाला एक अट

शमीम,

तुझी चूक मला मंगळवारी सापडली आणि शुक्रवारी सकाळी तू गेलीस. मधे मी फोन केला नाही. चूक दाखवायची तर फळ्यासमोर उभं राहून दाखवावी, फोनवर नुसती कुरबुर होते, हे तुझंच म्हणणं. शनिवारी तू नेहमीच्या एसटीनं साताऱ्याला येणार होतीस. मी गुरुवारीच कंदी पेढे आणून ठेवले होते, ऑफिसातला फळा कोणी वापरायचा नाही असं पोरांना बजावलं होतं, आणि तू आल्या आल्या पहिलं वाक्य काय बोलायचं तेही मनात घोळवून ठेवलं होतं.

जावेदचा फोन आला तेव्हा वाटलं, उद्या येत नाही हे कळवायला तू भावाला पुढं केलंस. तो म्हणाला, "वंदनाताई, आपा गेली." मी विचारलं, "कुठं?"

तो प्रश्न आठवला की अजून माझे कान गरम होतात. बिचाऱ्याला तो शब्द पुन्हा, नीट अर्थ लावून सांगावा लागला.

सकाळी चहा ठेवताना डोकं दुखतंय म्हणालीस, ओट्याला टेकून खाली बसलीस, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. मी माधवनगरला तुझ्या घरी पोचले तेव्हा जुम्म्याची नमाज होऊन तुला नेलेलं होतं. घरात बायका बसल्या होत्या. तुझ्या अम्मीनं, माझ्या चाचींनी, मला शेजारी बसवून घेतलं आणि माझा हात स्वतःच्या मांडीवर ठेवला. तुझ्या टेबलावर चष्मा होता, त्याच्याजवळ मावळतीचं ऊन आलं होतं, आणि माझ्या पिशवीत तुला दाखवायचा कागद होता. मी तो तसाच परत घेऊन आले.

सगळं क्रमानं मांडलं की चूक आपोआप दिसते, असं तू मुलांना सांगायचीस. म्हणून क्रमानं लिहिते. त्यातलं बरंचसं तुला माहीत आहे. ऐकून घे.

आपली ओळखच भांडणातून झाली. सांगलीच्या कॉलेजात मी सॉफ्टवेअर डिझाइन शिकवायचे, तू गणित. माझ्यानंतर त्याच वर्गात तुझा तास असायचा, म्हणून एकदा लवकर येऊन मागच्या बाकावर बसलीस. मी फळ्यावर चौकटी काढत होते. वर 'वाहन', खाली 'मोटार', आणि खालून वर जाणारा त्रिकोणी टोकाचा बाण. सॉफ्टवेअर बांधण्याआधी त्यात कुठल्या प्रकारच्या वस्तू असतील आणि कोण कोणाचा वारस, याचं चित्र काढायची ती पद्धत. पुस्तकात होतं तसं मी शिकवलं. मुलं बाहेर गेल्यावर तू फळ्याजवळ आलीस.

"मॅडम, हा बाण काय सांगतो?"

"मोटार हे एक प्रकारचं वाहन आहे."

"एक प्रकारचं म्हणजे? काही मोटारी वाहनं आहेत, की प्रत्येक मोटार वाहन आहे?"

"प्रत्येक."

"आणि वाहनाबद्दल जे जे म्हटलंय, ते प्रत्येक मोटारीबद्दल खरं?"

"हो. म्हणून तर वारसा म्हणतात."

"मग हे नुसतं चित्र नाही, विधान आहे. विधान खोटंही असू शकतं. ते मुलांना सांगितलंत का?"

मला राग आला होता. फळा पुसून द्यायचा असतो, तो न पुसता मी निघून गेले. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये तू भडंगाचा पुडा माझ्यापुढे सरकवलास आणि म्हणालीस, "कालचा फळा मी पुसला नाही. तो बाण शिल्लक ठेवून तास घेतला." तुझ्या त्या तासाला मुलांनी वाहनांचा एक संच काढला, त्याच्या पोटात मोटारींचा, आणि माझ्या बाणाला पहिल्यांदा अर्थ आला. एवढंच तुझं काम होतं, आणि आयुष्यभर पुरलं. चित्रातल्या चौकटीला, रेघेला, बाणाला, सगळ्यांना गणितात एकच एक अर्थ ठरवून द्यायचा. मग चित्र बरोबर की चूक हे मतावर राहत नाही, तपासता येतं.

हे तपासणं कशासाठी, ते मला रक्तपेढीनं शिकवलं.

सांगलीतल्या एका ट्रस्टच्या रक्तपेढीनं कॉलेजकडे सॉफ्टवेअर मागितलं. आपण दोघींनी शेवटच्या वर्षाची मुलं घेऊन ते काम घेतलं. तिथं तोवर रक्त आणि तांबड्या पेशी एवढंच साठवत. प्लेटलेट वेगळ्या करायचं यंत्र नुकतंच येऊन बसलं होतं. मुलांनी सुबक चित्र काढलं. वर 'रक्तपिशवी', तिच्याखाली तिचे प्रकार. वरच्या चौकटीत अट, की प्रत्येक पिशवी दोन ते सहा अंशांत राहील. प्लेटलेटच्या चौकटीत वेगळी अट, की ती बावीस अंशांच्या आसपास राहील. मी ते चित्र पाहून शाबासकी दिली होती.

बैठकीत रक्तपेढीच्या डॉ. पाटणकर बाई होत्या, आपले विभागप्रमुख होते. तू चित्राकडे बराच वेळ पाहिलंस आणि शांतपणे म्हणालीस, "याच्याप्रमाणे जगात प्लेटलेटची एकही पिशवी नाही."

विभागप्रमुख हसले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आमच्याकडे आत्ता आहेत की."

"तुमच्याकडे आहेत. चित्रात नाहीत. चित्र म्हणतं, प्लेटलेटची पिशवी ही रक्तपिशवी आहे, म्हणजे ती सहा अंशांच्या आत हवी. आणि ती बावीसलाही हवी. दोन्ही एकदम पाळणारी पिशवी असू शकत नाही. संच रिकामा."

डॉक्टरबाईंचा चेहरा बदलला. "थांबा. म्हणजे हे सॉफ्टवेअर माझ्या माणसांना प्लेटलेट फ्रीजमध्ये ठेवायला सांगेल?"

"सांगेल. आणि नाही ठेवल्या तर चूक झाली म्हणून लाल अक्षरं दाखवत राहील. कधीतरी नवा माणूस ती लाल अक्षरं घालवायला पिशवी फ्रीजमध्ये ठेवेल."

"तशी ठेवलेली पिशवी मी पेशंटला देऊ शकत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. ते डेंग्यूचे दिवस होते. पिशवीसाठी लोक बाहेरच्या बाकांवर बसून होते.

विभागप्रमुखांना उद्घाटनाची घाई होती. तू सही करायला नकार दिलास. आवाज चढवला नाहीस, नुसती पेनाचं टोपण लावून बसून राहिलीस. आपण अट बदलली. वरच्या चौकटीनं एवढंच म्हणायचं, की प्रत्येक पिशवीला तिची स्वतःची तापमर्यादा असते आणि ती त्याच मर्यादेत राहते. मर्यादा कोणती, ते ज्याचं त्यानं सांगायचं. एका वाक्याची दुरुस्ती. मी त्या दिवशी तुला 'तू' म्हणायला लागले.

त्यानंतर तू त्या एका चित्रावरून सगळ्या चित्रांसाठी पद्धत बांधायला घेतलीस. नुसते संच पुरत नव्हते. वस्तू बदलतात, एकाच पिशवीची आज एक अवस्था, उद्या दुसरी, तरी ती तीच पिशवी. हे सगळं तू गणितात बसवलंस. प्रबंध लिहिलास. एका परीक्षकानं लिहिलं, गणिताच्या लोकांना यात फार नवं नाही. दुसऱ्यानं लिहिलं, इंजिनिअर लोकांना हे पेलणार नाही. तू ती दोन्ही पत्रं मला वाचून दाखवलीस आणि म्हणालीस, "एकाला सोपं, एकाला अवघड. मधे मी एकटीच." आपण हसलो होतो. पण तू तो प्रबंध पुन्हा पाठवला नाहीस. मार्गदर्शक निवृत्त झाले, तुझे अब्बा अंथरुणाला खिळले, आणि कॉलेजात तुझ्यावर पहिल्या वर्षाचे तास चढत गेले. चांगलं काम माणसाच्या हातून झालेलं असतं आणि ते घ्यायला समोर कोणी उभं नसतं, हे मी तेव्हा जवळून पाहिलं.

मी नोकरी सोडून साताऱ्यात राधिका रोडवर माझं छोटं ऑफिस थाटलं. तुला ये म्हटलं होतं. तू म्हणालीस, "अम्मीला सांगली सोडवत नाही, आणि मला अम्मीला सोडवत नाही." तो विषय तिथंच मिटला. मग वर्षं गेली. ईदला तू शीरखुर्म्याचा डबा पाठवायचीस, मी दिवाळीला करंज्या. फोनवर तेच ते बोलणं. तू विचारायचीस, "हल्ली तुझे बाण काय सांगतात?" मी म्हणायचे, "गिऱ्हाईक सांगतं तेच."

मग डॉ. पाटणकरबाईंनी सॉफ्टवेअर नव्यानं करायला काढलं आणि ते काम माझ्याकडे आलं. आता रक्तपेढी गावोगावी पिशव्या पाठवणार होती, जतला, विट्याला, इकडे वाईपर्यंत. त्यासाठी वाहतुकीची नवी पेटी घेतली होती. पेटीचं तापमान सॉफ्टवेअरनं लावायचं. बाईंची एकच अट होती. शमीम मॅडमनी चित्र तपासलं पाहिजे.

तुझे ते शनिवार. मला वाटतं, त्या महिन्यांएवढं समाधान मला या धंद्यात आधी कधी मिळालं नव्हतं. तू एसटीतून उतरायचीस, खांद्याला ती कापडी पिशवी, आणि खिडकीतून अजिंक्यताऱ्याकडे एक नजर टाकून थेट फळ्याशी. माझ्या हाताखालची पोरं पहिल्यांदा घाबरली. ती चिन्हं पाहून त्यांतल्या कदमांच्या पोरीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, हे सगळं पाठ करायचं का?" महिन्याभरानं तीच पोर गिऱ्हाइकाला फोनवर विचारत होती, "सगळ्याच पिशव्या म्हणता, म्हणजे परत आलेल्या पण धरायच्या का?" तू ते ऐकलंस आणि माझ्याकडे न बघता खडू उचललास. तुझे कान लाल झाले होते. इतक्या वर्षांत कोणाला तरी तुझी गरज पडली होती, आणि तू ती खूण लपवत होतीस.

त्याच दिवसांत तू तुझ्या जुन्या कामातला गाभा काढून एक लेख लिहिलास आणि परदेशातल्या एका नियतकालिकाला पाठवलास. त्यातल्या मुख्य प्रमेयावरून आपलं शेवटचं भांडण लागलं. कुठं लागलं ते आठवतं ना? वाईला. रक्तदान शिबिर संपवून आपण घाटावर बसलो होतो. माझे आण्णा गावाकडून आले होते आणि थर्मासमधून चहा ओतत होते.

तू म्हणत होतीस, आपण आज जी अट सिद्ध करतो ती आजच्या पिशव्यांपुरती असून चालणार नाही. उद्या कोणी नवा प्रकार जोडला, तर त्यानं वरच्या चौकटीतली अट वचनासारखी पाळली की झालं. ज्यानं त्यानं आपापलं वचन पाळावं. मग नवे कितीही येवोत, जुनं काही परत तपासायला नको. मी म्हणत होते, जे अजून जन्माला आलं नाही त्याच्या वतीनं आपण शब्द कसा द्यायचा?

आण्णांनी कप पुढं केला. "भांडताय व्हय गं?"

तू लगेच त्यांच्या बोलीत शिरलीस. "न्हाई आण्णा. 'प्रत्येक' म्हंजे कोन कोन, ते ठरवतोय."

आण्णा सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. म्हणाले, "फौजेत 'प्रत्येक' म्हंजे हजेरीला जेवडं हुबं हायती तेवडं. रजेवरचं धरायचं न्हाईत."

"आन उद्या भरती होनारं?"

"त्यांचं उद्या बघू की."

मी म्हटलं, "बघ, आण्णा माझ्या बाजूनं." तू हसलीस, चहा संपवलास, कप नदीच्या पाण्यात विसळलास, आणि मग गंभीर होऊन म्हणालीस, "वंदू, बाजू घेऊन चालत नाही. एक उदाहरण दे. एकच. सगळे आपापलं वचन पाळतायत आणि तरी वचन मोडतंय, असं एक उदाहरण दाखव. मी प्रमेय मागं घेईन."

"दाखवीन," मी म्हटलं.

"वाट बघते," तू म्हणालीस.

मला तेव्हा काहीही सुचत नव्हतं, हे तुला कळलं होतं. परतीच्या वाटेवर तू छान झोपलीस.

आणि मंगळवारी ते उदाहरण समोर आलं. कदमांची पोर वाहतुकीच्या पेटीची चाचणी घेत होती. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये पिशवी पेटीत गेली की स्वतःच्या मर्यादेप्रमाणे पेटीचं तापमान तीच लावायची. तांबड्या पेशींची पिशवी पेटीत गेली, तिनं पेटीला चार अंशांवर लावलं. बरोबर. मग त्याच पेटीत प्लेटलेटची पिशवी गेली, आणि तिनं पेटीला बावीसवर लावलं. तेही बरोबर. तिच्या वचनात कुठं खोट नव्हती. पण आधीच्या पिशवीभोवतालचं तापमान वाढलं होतं. ती गरम होत होती, आणि तिनं स्वतः काहीच चुकीचं केलेलं नव्हतं. दोघींनी आपापलं वचन पाळलं, आणि एकीचं मोडलं, कारण पेटी एकच होती. तुझ्या प्रमेयानं प्रत्येकीला एकेकटीला तपासलं होतं. दोघी मिळून कशाला टेकल्यात, हे त्यानं विचारलं नव्हतं.

चाचणीच होती, कुठल्या पेशंटपर्यंत काही गेलं नाही. दुरुस्तीही सोपी निघाली, एका पेटीत एकाच जातीच्या पिशव्या. मी मात्र दिवसभर शाळकरी पोरीसारखी फिरत होते. तुला हरवल्याचा आनंद होता, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठा आनंद तुझा चेहरा बघायचा होता. तू आधी "थांब, थांब" म्हणाली असतीस. मग फळ्यावरचं माझं चित्र पुसून स्वतःचं काढलं असतंस. मग गप्प बसली असतीस, खडू दाताशी धरून. आणि मग ती तुझी नजर, शोधायला काहीतरी नवं मिळाल्याची. चूक दाखवल्यावर खूश होणारं दुसरं माणूस मला माहीत नाही.

तू असतीस तर जिंकले असते. आता ती चूक नुसती माझ्याजवळ पडून आहे.

तू गेल्यानंतर थोड्याच दिवसांत जावेदचा पुन्हा फोन आला. या वेळी त्याचा आवाज वेगळा होता. तुझी मेल तो बघत होता. "ताई, आपाचा लेख त्या लोकांनी घेतला. स्वीकारला म्हणतात. शेवटची प्रत फक्त पाठवायची आहे. अम्मीला सांगितलं. ती रडली पण आणि हसली पण. तुम्ही बघाल ना?"

मी 'बघते' म्हटलं आणि फोन ठेवला. प्रबंध परत आला तेव्हा तू चिडली नव्हतीस, पण त्यानंतर कितीतरी दिवस कॉलेजच्या ग्रंथालयात गेली नव्हतीस. तुझं नाव तिथल्या कपाटातल्या नियतकालिकात छापून यावं, ही इच्छा तू कधी बोलून दाखवली नाहीस. मला ती दिसायची. आता ते होणार होतं. आणि मुख्य प्रमेय चुकीचं आहे हे फक्त मला माहीत होतं.

मी माधवनगरला गेले. हे फोनवर सांगायचं नव्हतं.

चाची पलंगावर जपाची तसबी घेऊन बसल्या होत्या. जावेदनं खुर्ची दिली. मी पेटीचं सगळं सांगितलं, पिशव्यांचं, चार अंशांचं, बावीसचं. जावेद ऐकत होता, पण त्याचा चेहरा मिटत गेला.

"ताई, त्या शहाण्या लोकांनी तपासलंय ना? त्यांना नाही दिसली चूक."

"नाही दिसली. मलाही दिसली नव्हती. पेटी हातात आली म्हणून दिसली."

"मग छापून येऊ दे ना. कोण वाचणार आहे, कोण पेटी उघडून बघणार आहे? तिला आयुष्यात काय मिळालं, सांगा. हे एक मिळतंय." मग तो म्हणाला, "तुमचं तिचं भांडण होतं, ठाऊक आहे मला. तुम्ही जिंकलात. आता तरी सोडा."

तो चुकीचं बोलत नव्हता. त्याला बहीण हवी होती, आणि ती नाही तर निदान तिचं छापील नाव हवं होतं. मलाही तेच हवं होतं.

चाचींनी तसबी बाजूला ठेवली. "पोरी, चूक म्हंजे केवडी?"

"सगळं काम चुकलेलं नाही चाची. तिनं म्हटलं होतं, हे सगळीकडं लागू हाय. ते सगळीकडं लागू न्हाई. काही ठिकाणी हाय." तुझ्या घरी बसलं की माझीही बोली गावाकडे वळते.

"तिला ठावं न्हवतं?"

"न्हाई. मी शनिवारी सांगणार होते."

"आन सांगितल्यावर तिनं तसंच पाठीवलं आसतं?"

"न्हाई."

"तुला पक्कं ठावं हाय?"

"पक्कं."

चाची जावेदकडे बघत राहिल्या. तो उठून आत गेला. आतून भांड्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं तो माझ्यासाठी चहा घेऊन बाहेर आला. कप देताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, पण म्हणाला, "दुरुस्त केलं तर ते लोक छापतील का?"

"माहीत नाही. विचारावं लागेल."

"मग कोन करनार दुरुस्त?" चाचींनी विचारलं. "तिच्यावानी कुणाला येतंय?"

"तिच्यासारखं कोणालाच येत नाही. मला तर नाहीच."

"जेवडं जमंल तेवडं कर," चाची म्हणाल्या.

मी तुझ्या टेबलाशी बसले नाही. तुझी कच्ची टाचणंही मागितली नाहीत. साताऱ्याला आले आणि रोज सकाळी पोरं यायच्या आधी ऑफिसात लेखातली तुझी सिद्धता वाचत गेले, ओळ ओळ. शमीम, काय सुंदर लिहितेस तू. एकही पायरी गाळलेली नाही, एकही उसनं वाक्य नाही. आणि एका पायरीवर तू लिहिलंयस, 'दुसऱ्या वस्तूच्या कृतीनं पहिलीची अवस्था बदलत नाही.' तिथं कारण दिलेलं नाही. ते उघड आहे असं तुला वाटलं. बहुतेक सगळ्यांना वाटलं असतं. मी तिथं बोट ठेवून कितीतरी वेळ बसले. तुझी एवढी एकच जागा मला सापडली जिथं तू स्वतःला 'का?' विचारलं नाहीस.

मला जमली ती दुरुस्ती गरीब आहे. प्रमेयाच्या सुरुवातीला एक अट जोडली. कोणत्याही दोन वस्तू तिसऱ्या एकाच वस्तूवर विसंबून नसतील, तर तू म्हणतेस ते सगळं खरं. ही अट घातली की सिद्धता उभी राहते, ते मी पुन्हा पुन्हा तपासलं, कदमांच्या पोरीकडूनही तपासून घेतलं. पण खऱ्या जगात पेट्या वाटून घ्याव्याच लागतात. तू असतीस तर याहून चांगली अट शोधली असतीस. वाटून घेऊनही एकमेकींना धक्का न लावणारी मांडणी कुठली, ते तू गणितात सांगितलं असतंस, मला खात्री आहे. कदाचित तेच तुझं खरं मोठं काम झालं असतं, आणि त्याची सुरुवात त्या शनिवारी होणार होती. मी फक्त कुंपण घातलं. तुझं शेत लहान झालं.

मोकळी कबुली देऊन संपादकांना लिहिलं. लेखिका वारली आहे, प्रमेयात उणीव आहे, प्रतिउदाहरण सोबत जोडलं आहे, अट घालून ते दुरुस्त होतं. माझं नाव कुठंही नको, असंही लिहिलं. उत्तर यायला वेळ लागला. त्या काळात जावेदचा फोन आला नाही आणि मीही केला नाही. लोक भेटायला येत, म्हणत, तुमची मैत्रीण विद्यार्थ्यांच्या रूपानं आहे. मी मान हलवायचे. तू अशा वाक्यांना काय विचारलं असतंस ते मला ठाऊक आहे, पण दुःखाच्या घरी तसं विचारायचं नसतं.

सांगायचं राहिलेलं आणखी एक. तू आलीस त्या पहिल्या दिवशी मी फळा न पुसता निघून गेले, ते रागानं नव्हे फक्त. मला भीती वाटली होती. मी शिकवते त्याचा अर्थ मला माहीत नाही, हे कोणाला तरी दिसलं होतं. पुढं तू मला कधीच त्याची लाज वाटू दिली नाहीस. नुसती विचारत राहिलीस, आणि विचारता विचारता मला माझं काम कळत गेलं. हे मी तुला कधी म्हटलं नाही. आपल्यात असलं बोलायची पद्धत नव्हती. भांडायची होती.

काल संपादकांचं उत्तर आलं. दुरुस्त लेख ते छापणार आहेत, तुझ्या एकटीच्या नावानं. मी जावेदला कळवलं. तो "बरं झालं ताई" एवढंच म्हणाला, मग फोन चाचींच्या हातात दिला. चाचींनी विचारलं, "तिचं नाव वर आसनार का खाली?" मी म्हटलं, "वर." त्या म्हणाल्या, "मग ठीक हाय."

आज सकाळी शेवटची प्रत पाठवायला बसले. सगळं भरून झालं आणि शेवटी एक प्रश्न होता, सगळ्यांनाच विचारतात तो: स्वीकृतीनंतर केलेल्या बदलाला लेखिकेची संमती आहे का? उत्तरासाठी 'हो' आणि 'नाही', आणि त्याखाली टिपणीसाठी थोडी जागा.

'हो' म्हणणं खोटं झालं असतं. 'नाही' म्हणणंही. खाली एसटी स्टँडकडे जाणारी माणसं दिसत होती, सांगलीची गाडी यायची वेळ झाली होती. मी दोन्ही चौकटी रिकाम्या सोडल्या आणि टिपणीत लिहिलं, तिला विचारायचं राहून गेलं.